मिस ओझेलाची कढई

१

शुक्रवारी सकाळी मी एका बाईच्या डोक्याला तेल चोळत होते, तेवढ्यात रस्त्यापलीकडून किंकाळी आली. ती मिस ओझेलाच्या हॉटेलात तळणीचं काम करणाऱ्या इमोजीनची होती. इमोजीन एरवी तोंडातून आवाज काढत नाही, म्हणून मी तशीच तेलकट हातांनी हायवे ओलांडून धावले.

मिस ओझेलाच्या स्वयंपाकघरात ती शेगडीसमोर उभी होती आणि भिंतीकडे बोट दाखवत होती. धुराने काळपट झालेल्या भिंतीवर एक फिकट गोल दिसत होता. त्याच्यावर खिळा होता, आणि खिळ्यावर काही नव्हतं.

"कढई गेली, क्लॉटील," ती म्हणाली.

मिस ओझेलाच्या आईची ती लांब दांड्याची, बिडाची कढई. तिला साबण कधी लागला नाही. तळून झालं की पुसायची, चरबीचा हात फिरवायचा आणि खिळ्यावर टांगायची, एवढंच तिचं न्हाणं. रोजचं चिकन मोठमोठ्या चार कढयांत तळलं जायचं, पण दिवसाचा पहिला घाणा हिच्यातच. माँटगोमेरीहून येणारे ट्रकवाले त्या पहिल्या घाण्यासाठी गाड्या रस्त्याच्या कडेला लावून उभे राहायचे. माझं केसांचं दुकान बरोब्बर समोर आहे. माझ्या दारात आजवर कधी रांग लागली नाही आणि तिची रांग मला रोज काचेतून दिसते. मला त्याचं काही वाटत नाही असं मी लोकांना सांगते. वाटतं.

आता ही कढई जायची वेळही काय साधली होती! रविवारी होमकमिंग. शिकागो, डेट्रॉइटला गेलेली आमची सगळी माणसं वर्षातून एकदा त्या दिवशी कॉटर्स बेंडच्या चर्चमध्ये परत येतात, आणि प्रार्थनेनंतर झाडांखाली पंगत बसते. ईस्टरच्या दिवशी मिस ओझेलाने भर चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं होतं, "माझी मनगटं थकली. होमकमिंगला मी ही कढई इमोजीनच्या हातात देईन. जिच्या हातात कढई, तिचं हॉटेल." सगळ्या चर्चने टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता द्यायला कढईच नव्हती.

मिस ओझेला मागच्या दाराने आली. सत्तरी ओलांडलेली, ताठ, डोक्याला रुमाल बांधलेली. तिने भिंतीकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली.

"शेरीफला फोन करू?" मी विचारलं.

"शेरीफला कशाला? त्याला कढई आणि टोपी यातला फरक कळत नाही." तिने एप्रन सोडला. "हॉटेल बंद. कढई परत येईस्तोवर माझ्याकडे शेगडी पेटणार नाही. इथे नाही आणि घरीही नाही."

दाराचं कुलूप तुटलं नव्हतं. तुटेल कशाला? मागच्या दाराची किल्ली जिरॅनियमच्या कुंडीखाली असते हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

तेवढ्यात मिस ओझेलाची मुलगी आत आली. लव्हॉन अटलांटात बँकेत नोकरी करते आणि होमकमिंगसाठी आदल्या दिवशीच आली होती. तिने रिकामा खिळा पाहिला, आईकडे पाहिलं, आणि मग सावकाश इमोजीनकडे वळली.

"काल हॉटेल बंद कुणी केलं?" तिने विचारलं.

"मी," इमोजीन म्हणाली.

"आणि आज उघडलं कुणी?"

"मीच."

"मग बघ," लव्हॉन म्हणाली, "कढई गेली हे जगात सगळ्यांत आधी तुलाच कसं कळलं ते."

२

इमोजीनने माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

"तू शोध, क्लॉटील. तुझ्या खुर्चीत बसलं की सगळ्या बायका बोलतात. रविवारपर्यंत शोध."

"अगं, मी काय पोलीस आहे?"

"हे हॉटेल मला हवंय," ती म्हणाली. इतक्या वर्षांत 'मला हवंय' हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. "पण चोर म्हणून नको. ज्या गावात माझ्या पाठीमागे चमचे मोजतील, तिथे मी राहणार नाही. बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलवाल्याने मला कधीचं बोलावलंय. रविवारी सकाळच्या बसने जाईन."

इमोजीन गेली तर हॉटेल गेलं, हे मला तिने सांगायची गरज नव्हती. मिस ओझेलाची मनगटं खरोखरच संपली होती. गेलं वर्षभर रांगेतल्या लोकांच्या ताटात पडत होतं ते सगळं इमोजीनच्या हातचं होतं. गेल्या महिन्यात तर आमच्या रेव्हरंडांनी कहर केला. मिस ओझेलाने मुद्दाम स्वतः तळून आणलेली कोंबडीची मांडी त्यांनी चाखली आणि हसत हसत म्हणाले, "आज इमोजीनची सुट्टी का?" सगळे हसले. मिस ओझेलाही हसली आणि ताट उचलून घेऊन गेली.

आमच्या गावात चोरी शोधायची तर आधी कुणाच्या पोटात दुखतंय ते बघावं लागतं. आणि पोटात दुखण्यात पहिला नंबर होता मिस हेस्टरचा.

मिस हेस्टर ही मिस ओझेलाची धाकटी बहीण. आई वारली तेव्हा मोठी कढई थोरलीला मिळाली आणि छोटी हिला. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. चर्चमध्ये एकीने उजवी बाजू धरली की दुसरी डावीकडे बसते.

"गेली का? बरं झालं!" दार उघडताच मिस हेस्टर म्हणाली. बातमी माझ्याआधी पोचली होती. "ये, बस. चहा घे."

गोड थंडगार चहाचा पेला माझ्या हातात देऊन ती समोर बसली. "तिला मिळाली ती कढई. तिच्यात कोंबडी तळून ती आख्ख्या अलाबामाची राणी झाली. मला मिळाली ती एक अंडं तळायची. त्यात तळून मी काय होणार होते? कोंबडीची आई?"

"पण मिस हेस्टर, तुम्ही तर..."

"विचार ना सरळ. मी नेली का? अगं, न्यायची असती तर आईच्या दफनाच्या दिवशीच नेली असती. तेव्हा गुडघेही चांगले होते." मग तिचा आवाज खाली आला. "पण परक्या बाईला देणार होती ती. मी अजून जिवंत असताना. ते मात्र लागलं हं मला."

मी निघाले तेव्हा तिने माझ्या हातात एक निळा चिनीमातीचा वाडगा दिला. मिस ओझेलाच्या हॉटेलातला. गेल्या पंधरवड्यात हेस्टर आजारी होती तेव्हा इमोजीनने त्यातून सूप पोचवलं होतं. आता तो वाडगा अंजिराच्या मुरांब्याने काठोकाठ भरला होता.

"हे तिकडे देऊन टाक."

"तुम्ही तर तोंड बघत नाही तिचं."

"तोंड बघत नाही म्हणून भांडं रिकामं पाठवू?" ती कडाडली. "मला काय जनावरांनी वाढवलं?"

३

होमकमिंगच्या आदल्या शनिवारी माझं दुकान म्हणजे जत्रा असते. गावातली प्रत्येक बाई डेट्रॉइटहून येणाऱ्या चुलत बहिणीपेक्षा सरस दिसायच्या तयारीत असते. शेगडीवर केस सरळ करायचे कंगवे तापत असतात, वाफ असते, तेलाचा वास असतो, आणि कान उघडे ठेवले की सगळं काही ऐकू येतं.

लव्हॉन सकाळीच आली. आल्याआल्या तिने माझी काचेची बशी परत केली. आदल्या दिवशी मी तिच्यासाठी केक पाठवला होता. बशीत दुकानातून आणलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या होत्या.

"करायला वेळ नाही झाला, मिस क्लॉटील, विकतच्याच आहेत," ती म्हणाली. "पण रिकामी बशी दिली असती तर आईने अटलांटाला परत जाऊ दिलं नसतं."

मी तिच्या केसांत कंगवा घातला आणि गप्प राहिले. गप्प राहिलं की माणसं आपणहून बोलतात.

"तुम्हाला वाटतंय मी नेली."

"मी कुठे काही म्हटलं?"

"मला ती जागा नको. चिकनचा वास केसांतून काढायला मला अटलांटात दोन वर्षं लागली." ती आरशात माझ्याकडे बघत होती. "माझ्या कॉलेजच्या समारंभाला आई आली नाही. का? तर शनिवार होता, हॉटेलात गर्दी होती. इमोजीनच्या लग्नात मात्र हॉटेल बंद ठेवून स्वतः तीन मजली केक केला. मी तुकडा खाल्ला नाही. आई तिच्याशी शेगडीपाशी उभी राहून जशी बोलते ना, अर्धं बोलायचं आणि दुसरीने उरलेलं समजायचं, तशी माझ्याशी एकदा बोलली असती तर मी बँक सोडून आले असते."

"म्हणून तिला चोर म्हणालीस?"

"म्हणाले." तिने नजर वळवली. "आणि मला अजून तसंच वाटतं. बर्मिंगहॅमला रिकाम्या हाताने कोण जातं?"

दुपारी मिस ओझेला आली. होमकमिंगच्या शनिवारी ती माझ्या खुर्चीत बसल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी ती नेहमी पिठात कोपरापर्यंत बुडालेली असते.

"धू," ती म्हणाली. "नीट धू. उद्या सगळं डेट्रॉइट मला बघणार आहे."

मी दोनदा साबण लावून केस धुतले, वाळवले, गरम कंगव्याने सरळ केले आणि बदामाचं तेल लावलं. ती डोळे मिटून बसली होती.

"कुणी नेली असेल, मिस ओझेला?"

"ज्याला हवी होती त्याने."

"लोक इमोजीनचं नाव घेतायत. ती बस पकडणार आहे उद्या."

तिचे डोळे खाडकन उघडले. "कुठली बस?"

मी सांगितलं. आरशात तिचा चेहरा काही क्षण अगदी म्हातारा दिसला. मग तिने रुमाल बांधला आणि ती निघून गेली. तिला इमोजीनचं वाईट वाटलं असेल असं मी समजले.

दुकान बंद करून मी इमोजीनकडे गेले. नवरा वारल्यापासून ती एकटीच राहते. पलंगावर उघडी पेटी होती आणि ती कपड्यांच्या घड्या घालत होती. डोळे सुजले होते.

"कुणी नेली ते कळलं?"

"नाही गं," मी म्हणाले. "हेस्टरला हवी होती, लव्हॉनला राग होता. पण दोघींपैकी कुणी कुंडीखालून किल्ली काढताना मला डोळ्यांसमोर येत नाही."

"मग झालं तर." तिने कोपऱ्यातून माझं पाईचं भांडं काढलं. कधीपासून तिच्याकडे पडलं होतं. "हे घेऊन जा. परत करायचं राहून जाईल."

भांड्यात पेकनचे, अक्रोडासारखे, सोललेले दाणे होते. गाव सोडून जायला निघालेली, चोर ठरलेली बाई, आणि माझ्यासाठी पेकन सोलत बसली होती! मला रडूच कोसळलं, आणि तिनेच मला गप्प केलं.

४

रविवारी उजाडल्यावर पुन्हा इमोजीनचाच आवाज आला. या वेळी किंकाळी नव्हती. ती माझ्या दारात येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "चल."

बसला जायच्या आधी हॉटेलची किल्ली कुंडीखाली ठेवायला ती गेली होती. मागच्या ओसरीवरच्या बाकावर पिठाच्या स्वच्छ धुतलेल्या पिशवीत काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. तिने माझ्यासमोर पिशवी पुन्हा उघडली.

कढई! तीच, काळीभोर, चकचकीत. मी आत बोट फिरवलं तर चरबीचा पातळ, एकसारखा हात लावलेला होता. आतून-बाहेरून पुसलेली, पोटच्या पोरासारखी जपलेली होती. मी पिशवीही उलटी करून झटकली. तिच्यातून काही पडलं नाही.

"आली गं बाई! तुझी बस गेली खड्ड्यात," मी तिला मिठी मारली. पण इमोजीन हसत नव्हती. ती त्या कढईकडे बघत होती, खूप वेळ, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

आवाज ऐकून लव्हॉन आली. मागोमाग चर्चला निघालेली मिस हेस्टरही फाटकाशी थबकली.

"सापडली?" लव्हॉन म्हणाली. "कुणाला?"

"मला," इमोजीन म्हणाली.

"म्हणजे हरवली तेव्हाही तूच, सापडली तेव्हाही तूच." लव्हॉनने हाताची घडी घातली. "धाडस संपलं वाटतं. हॉटेलही हवं आणि बर्मिंगहॅमही, नाही का?"

"काय गं, काहीतरी बोल की!" मी इमोजीनला हलवलं. "सांग, मी नाही नेली म्हणून!"

इमोजीनने पिशवीची नीट घडी केली. "माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. आणि तिने पेटी उचलली.

"निदान प्रार्थनेला तरी थांब," मी गयावया केली. "दुपारच्या बसने जा."

तिने पेटी माझ्या दुकानात ठेवली. ती थांबली, ते फक्त मी इतकी रडले म्हणून.

५

चर्चच्या पायऱ्यांवर मिस ओझेला उभी होती. पांढरा पोशाख, जांभळी हॅट. कढई परत आली हे तिला कळलं होतं, लोक तिचं अभिनंदन करत होते. मीही मिठी मारली. तिच्या मानेपाशी तोच ओळखीचा वास आला, तळणीचा, ताक-मिरपुडीत मुरवलेल्या कोंबडीचा, आणि मला नेहमीसारखी भूक लागली. मी आत जाऊन बसले.

पहिलं गाणं झालं, रेव्हरंड बोलायला लागले, आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

ते केस मी काल धुतले होते. दोनदा. साबण लावून, वर बदामाचं तेल. हॉटेल शुक्रवारपासून बंद. घरीही शेगडी पेटणार नाही असं ती स्वतः म्हणाली होती. लव्हॉनला तो वास काढायला दोन वर्षं लागली, पण तो लागायला एक घाणा पुरतो. काल दुपारनंतर मिस ओझेलाने कुठेतरी चिकन तळलं होतं.

आणि मग ती पिशवी आठवली. मी झटकून पाहिली होती, काही पडलं नव्हतं. हेस्टर थोरलीचं तोंड बघत नाही, पण वाडगा मुरांब्याने भरून पाठवते. लव्हॉन अटलांटाची झाली, तरी बशीत गोळ्या घालते. इमोजीन डोळे पुसत पेकन सोलते. कढईला इतक्या मायेने चरबी लावणारी, पिशवी धुऊन गुंडाळणारी कुणीही असो, दुसऱ्याचं भांडं परत करताना तिने आत काहीतरी ठेवलंच असतं. मूठभर शेंगदाणे तरी. आमच्याकडे याचा विचार करावा लागत नाही, हात आपोआप जातो.

फक्त एकाच माणसाचा हात गेला नसता. स्वतःचंच भांडं घेऊन येताना कोण भरून आणतं?

प्रार्थना संपायच्या आत मी मिस ओझेलाच्या बाकापाशी गेले आणि तिला चर्चमागच्या स्वयंपाकघरात घेऊन आले. बाहेर झाडांखाली टेबलं मांडली जात होती, मॅकरोनी-चीजच्या थाळ्या येत होत्या.

"कढई रिकामी का आणलीत, मिस ओझेला?" मी विचारलं.

तिने हॅट काढून मांडीवर घेतली आणि ती बाकड्यावर बसली.

"ते नाही सुचलं मला," ती म्हणाली. "माझीच होती ना."

"का नेलीत?"

"तुला काय वाटतं?" तिचा आवाज फाटला. "मी त्या पोरीला मैद्यात मीठ किती ते शिकवलं. चरबी कधी बोलायला लागते ते शिकवलं. आणि आता माणसं माझ्या डोळ्यांदेखत विचारतात, आज इमोजीन आहे ना? रेव्हरंड! त्या माणसाला मी त्याला दात आले तेव्हापासून जेवू घातलंय! मी ईस्टरला उभी राहून सगळं देऊन टाकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, क्लॉटील. एकाने तरी म्हणायचं होतं, 'नका देऊ, मिस ओझेला, इतक्यात नका.' कुणीही म्हणालं नाही."

बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. ती थांबली, मग बोलली.

"जळले मी. ऐकायचं होतं ना तुला? जळून कोळसा झाले. मला एकदा बघायचं होतं. घरी, एकटीने, कुणी बघत नसताना. एक घाणा तळला काल. माझ्या आईची कढई, माझा हात. आणि चाखलं." तिने तळवे पाहिले. "मला कळलंच नाही. चांगलं की वाईट, खारट की अळणी, काही नाही. जीभ लाकूड झालीय. मग डोळे मिटून इमोजीनच्या हातचं आठवलं, तर ते मात्र लगेच तोंडात आलं."

मला तिच्यावर रागवायचं होतं. ते काही जमलं नाही.

"तुमच्यापायी ती चोर ठरली."

"म्हणून तर आणून ठेवली. बसचं कळलं आणि झोप उडाली माझी."

"पण रिकामी ठेवलीत," मी म्हणाले. "आता ती तुमची नाही. ईस्टरलाच दिलीत. दुसऱ्याचं भांडं परत करताना कसं करायचं ते तुम्हाला मी सांगायचं का?"

मिस ओझेलाने हॅट डोक्यावर ठेवून पिनेने घट्ट केली.

"लव्हॉनला सांग गाडी काढायला," ती म्हणाली. "हॉटेलातून कढई घेऊ आणि घरी जाऊ. फ्रिजमध्ये काहीतरी ठेवलंय."

६

पंगत भरात आली होती. इमोजीन एका टोकाला बसली होती, समोरचं ताट तसंच होतं, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. गावाने निकाल दिला की तो असा देतं, काही न बोलता. मी जाऊन एका खुर्चीत बसले.

मिस ओझेला आली ती कढई दोन्ही हातांत धरून. मनगटं कापत होती. लव्हॉन मदतीला पुढे झाली तर तिने मान हलवली. कढईवर पांढरं फडकं होतं. ती सरळ टेबलांच्या मध्यावर येऊन उभी राहिली आणि माणसं एकेक करून गप्प झाली.

"चोर सापडला," ती म्हणाली. "कढई मीच नेली होती."

डावीकडून मिस हेस्टरच्या हातातला चमचा पडला.

"का नेली ते मी देवाला सांगितलंय आणि क्लॉटीलला सांगितलंय. क्लॉटील तुम्हाला सांगेलच, तिच्या पोटात काही राहत नाही." कुणी हसलं नाही. "ज्यांनी ज्यांनी या पोरीकडे वाकड्या नजरेने पाहिलं, त्यांनी आज घरी जायच्या आत तिची माफी मागायची. पहिली मी. लव्हॉन, दुसरी तू."

लव्हॉन खाली बघत होती. मिस ओझेला इमोजीनसमोर आली आणि कढई टेबलावर ठेवली.

"तुझं भांडं," ती म्हणाली. "परत करायला उशीर झाला."

इमोजीनने फडकं उचललं. आत चिकनचे तुकडे होते, आदल्या दिवशीचे, गार, एका बाजूने करपलेले. आख्खी पंगत बघत होती. इमोजीनने एक मांडी उचलली, चावा घेतला, आणि सावकाश चावत राहिली. इतक्या वर्षांत तिने मिस ओझेलाच्या पुढे कधी ब्र काढला नव्हता.

"मीठ कमी आहे, मिस ओझेला," ती म्हणाली. "आणि चरबी फार तापली होती. उद्या सकाळी शेगडीपाशी या. दाखवते."

मिस ओझेलाने कढईतल्या करपलेल्या तुकड्यांकडे पाहिलं. मग ती हसायला लागली, खरंखुरं, खांदे हलवून, आणि इमोजीनच्या दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसली.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"तुम्ही मला बोलवायचात तेव्हाच," इमोजीन म्हणाली. "अंधारात."

लव्हॉन आली, काहीतरी पुटपुटली आणि इमोजीनने तिच्यापुढे कढई सरकवली. तिने एक करपलेला तुकडा उचलला. मिस हेस्टर लांबूनच ओरडली, "मलाही दे गं एक! बघू तरी, राणीने काय जाळून ठेवलंय!" थोरलीला उद्देशून तिच्या तोंडून निघालेलं हे कित्येक वर्षांतलं पहिलं वाक्य.

संध्याकाळी इमोजीन पेटी न्यायला माझ्या दुकानात आली. मी कौतुकाची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. आख्खं कोडं मी सोडवलं होतं.

"कढई रिकामी होती, त्यावरून ओळखलं मी," मी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. "मीही."

"तूही? कधी?"

"पिशवी उघडली तेव्हाच."

"आणि गप्प बसलीस? लव्हॉन तोंडावर चोर म्हणत होती आणि तू पेटी उचललीस? का गं?"

इमोजीन दारात थांबली. रस्त्यापलीकडे हॉटेलचे दिवे लागले होते. गुरुवारनंतर पहिल्यांदाच धुराड्यातून धूर येत होता.

"तिच्याशेजारी उभी राहायला लागले तेव्हा मी अठरा वर्षांची होते," ती म्हणाली. "तिच्यासारखं तळता यावं म्हणून मी रोज जळले. आणि आज सकाळी कळलं की ती माझ्यावर जळते. मिस ओझेला, माझ्यावर! ते गावात ओरडून सांगावं असं वाटेना, क्लॉटील. जपून ठेवावंसं वाटलं."

तिने पेटी उचलली आणि रस्ता ओलांडून गेली. मी दिवा मालवला, खुर्चीत बसले आणि काचेतून समोर बघत राहिले. माझ्यावर अजून कुणी तसं जळलेलं नाही.